आश्रयदाता संत कोणता घेऊ?

कॅथलिक श्रद्धा जाणून घ्यायला निघालेल्या माणसाकडे पहिले काही महिने प्रश्नच प्रश्न असतात. देव एकच, तर मग पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे कसं? मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, भाकरीचं काय होतं? पापाची कबुली फादरांपुढे का द्यायची? या मोठ्या प्रश्नांची उत्तरं सावकाश मिळत जातात. पण मध्येच कोणीतरी विचारतं, "तुमी संत कोनता घेतला जी?" आणि माणूस गडबडतो. विदर्भातल्या खेड्यात ही गडबड जास्तच होते. फादर दूरच्या गावाहून येतात, मिस्सा झाली की त्यांना पुढच्या गावी जायचं असतं, आणि मराठीत संतांची चरित्रं सहज हाती लागत नाहीत. हातात मोबाइल मात्र असतो, आणि त्यात याद्या असतात: हरवलेल्या वस्तूसाठी संत अंतोन, हाताबाहेर गेलेल्या कामासाठी संत यहूदा, घशाच्या दुखण्यासाठी संत ब्लेझ.

अशा यादीवरून संत निवडू नका, हे मला मनापासून सांगायचं आहे. अडचण आज आहे, उद्या नसेल, आणि संत तर जन्मभर सोबत ठेवायचा आहे. ज्याचं काम तुमच्या कामासारखं होतं, ज्याच्या घरात तुमच्या घरासारखी दुखणी होती, असा संत शोधा. आणि तुम्ही संसारी असाल तर शक्यतो संसारीच शोधा.

आधी आश्रयदाता म्हणजे काय ते पाहू.

मरणानं माणसाचं देवाशी आणि चर्चशी असलेलं नातं तुटत नाही, अशी कॅथलिक शिकवण आहे. जे ख्रिस्ताशी एकनिष्ठ राहून मेले आणि देवाजवळ पोहोचले, ते आपल्यासाठी प्रार्थना करतात. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या पाचव्या अध्यायात, पवित्र जनांच्या प्रार्थना धुपानं भरलेल्या सोन्याच्या वाट्यांतून देवापुढे येतात. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात आपल्याभोवती साक्षीदारांचा मोठा मेघ आहे, असं म्हटलं आहे. या साक्षीदारांपैकी एकाशी खास ओळख ठेवायची, "माझ्यासाठी प्रार्थना करा" असं त्याला रोज सांगायचं आणि त्याच्या जगण्याकडे पाहून आपलं जगणं घडवायचं. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या चर्चच्या धर्मशिक्षण ग्रंथात आश्रयदात्याची हीच दोन कामं सांगितली आहेत: तो प्रेमाचा आदर्श असतो, आणि त्याची मध्यस्थी आपल्याला लाभते. पहिल्यांदाच वावर करणारा माणूस धुऱ्यापलीकडच्या अनुभवी शेतकऱ्याकडे पाहून शिकतो, अडलं तर त्याला हाक मारतो, पण पाऊस त्याच्याकडे मागत नाही. संताशी असलेलं नातं साधारण असंच आहे.

आपल्याकडच्या माणसाच्या मनात इथं लगेच कुलदैवत येतं, आणि यात लाजण्यासारखं काही नाही. पण फरक मोठा आहे, तो नीट समजून घ्यायला हवा. कुलदैवत घराण्याकडून येतं. त्याचा कुळाचार असतो, तो चुकला तर काही वाईट होईल अशी धास्ती असते. आश्रयदाता संत वंशपरंपरेनं येत नाही. नवरा-बायकोचे संत वेगळे असू शकतात, मुलांचे आणखी वेगळे. संत कोपत नाही. त्याचा सण विसरला म्हणून ढोर दगावत नाही की पऱ्हाटीवर बोंडअळी येत नाही. कारण संत देव नाही, आणि स्वतःच्या बळावर तो काहीच देत नाही. सन ७८७ मध्ये निकेया इथं भरलेल्या दुसऱ्या धर्मपरिषदेनं ही रेषा स्पष्ट आखली: उपासना फक्त देवाची, संतांना आणि त्यांच्या प्रतिमांना फक्त मान. पवित्र मरियेला सर्व संतांहून अधिक मान दिला जातो, पण तीही उपासना नव्हे.

म्हणूनच नवसाची सवयही हळूहळू सोडावी लागते. "पोरीचं लग्न जमू दे, मग तुला हे वाहीन," असा सौदा संताशी होत नाही. कॅथलिकांतही नऊ दिवसांची प्रार्थना असते, तिला नोव्हेना म्हणतात. पण तिच्यात आपली गरज देवापुढे ठेवायची असते, संतानं आपल्यासोबत प्रार्थना करावी असं म्हणायचं असतं आणि उत्तर देवावर सोडायचं असतं. व्रत हे चर्चच्या कायद्यानुसार देवालाच दिलेलं वचन असतं. जुन्या कॅथलिक घरांमध्येही संतांना नवस बोलणारे आहेत. त्यांचं पाहून शिकू नका.

गावात दुसऱ्या चर्चच्या प्रार्थनासभेला जाणारे विश्वासी असतील तर ते वेगळ्या बाजूनं अडवतील. देव आणि माणूस यांच्यात येशू हा एकच मध्यस्थ आहे, असं तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात स्पष्ट लिहिलं आहे, ते दाखवतील. ते खरं आहे, आणि कॅथलिक चर्च ते मानतं. पण त्याच अध्यायाच्या पहिल्याच ओळीत ते पत्र लिहिणारा पौल सगळ्या माणसांसाठी प्रार्थना करायला सांगतो. आपण आजारी पडलो की त्याच विश्वासी बांधवाला "माझ्यासाठी प्रार्थना करा" म्हणतो, आणि त्यानं ख्रिस्ताचं स्थान कमी होत नाही. संतांकडेही आपण एवढंच मागतो. या मुद्द्यावर वाद घालू नका, शेजार महत्त्वाचा आहे.

आता सक्ती आहे का, ते. नाही. १९१७ च्या चर्च कायद्यात बाप्तिस्म्याला संताचं नाव द्यावं असा आग्रह होता. १९८३ च्या कायद्यात फक्त एवढंच म्हटलं आहे की, नाव ख्रिस्ती भावनेला विसंगत नसावं. म्हणजे तुमचं नाव सुनीता, प्रकाश किंवा वैशाली असेल तर ते तसंच ठेवून बाप्तिस्मा घेता येतो. दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणारा संस्कार, त्याच्या वेळी संताचं नाव घेण्याची चाल बऱ्याच ठिकाणी आहे, पण तीही चालच. प्रौढ माणसाला बाप्तिस्मा, दृढीकरण आणि पहिला ख्रिस्तप्रसाद (मिस्सेतली पवित्र भाकर) हे तिन्ही संस्कार बहुधा ईस्टरच्या, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाच्या सणाच्या, आदल्या रात्रीच्या जागरण-उपासनेत एकत्रच मिळतात, त्यामुळे संताचा विचार त्याआधी व्हायला हवा. चंद्रपूर, गडचिरोली, वर्धा हा भाग चांदा धर्मप्रांतात येतो. तिथं केरळच्या सिरो-मलबार परंपरेची उपासना चालते आणि ती परंपरा आपलं मूळ येशूचा शिष्य प्रेषित थोमा याच्यापर्यंत नेते. नागपूर आणि अमरावतीकडची रीत लॅटिन, म्हणजे रोमची. बारकावे आपल्या फादरांना विचारा. संत निवडल्यानं आधार कार्डावर की सातबाऱ्यावर काहीही बदलत नाही. हा तुमचा आणि देवाचा मामला आहे.

संसारी संत शोधा असं मी म्हटलं, त्याचं कारण सांगायला हवं. संतांच्या याद्या बिशप (धर्मप्रांताचे प्रमुख), मठवासी आणि सिस्टर यांनी भरलेल्या असतात. ते थोर आहेतच. पण तुमच्यावर सोसायटीचं कर्ज आहे, घरात म्हातारे आई-वडील आहेत, दोन लेकरं शाळेत आहेत. मठात सात वेळा प्रार्थना करणाऱ्या माणसाचा कित्ता गिरवायला गेलात तर महिनाभरात निराश व्हाल, आणि ही श्रद्धा आपल्यासारख्यांची नाही असं वाटू लागेल. नागपूरच्या मुख्य चर्चचे आश्रयदाते संत फ्रान्सिस द सेल्स स्वतः बिशप होते, पण त्यांनी १६०९ साली छापलेल्या पुस्तकात हेच ठासून सांगितलं की शिपाई, कारागीर, लग्न झालेली बाई, सगळ्यांना भक्तीचं जीवन जगता येतं, आणि ज्यानं त्यानं ते आपापल्या कामाला साजेसं जगायचं असतं. मठवाशासारखा एकांत बिशपनं धरला तर ती भक्ती खरी नाही, असंही ते म्हणतात. संताचा शोध घेणाऱ्यानं हे विसरू नये.

शेतात राबणाऱ्या माणसाला मी सगळ्यात आधी इसिदोरबद्दल सांगते.

इसिदोर स्पेनमधल्या माद्रिदचा. अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात जन्मला आणि बाराव्या शतकात वारला. स्वतःची जमीन नव्हती. आपल्या भाषेत सांगायचं तर सालगडी. माद्रिदच्या वार्गास घराण्याच्या जमिनीवर त्यानं नांगर धरला. त्याची बायको मारिया हीसुद्धा कष्टकरी, आणि तिलाही चर्चनं पूज्य मानलं आहे. नवरा-बायको दोघंही, आणि दोघंही मजूर! संतांच्या इतिहासात अशी जोडपी थोडीच आहेत. कथा अशी सांगतात की इसिदोर रोज पहाटे मिस्सेला जायचा. सोबतच्या गड्यांनी मालकाकडे चुगली केली, हा उशिरा येतो, काम बुडवतो. मालक पाहायला आला तर इसिदोर प्रार्थनेत, आणि त्याच्या औताशेजारी देवदूत नांगर हाकताहेत. दुसऱ्या कथेत तो हिवाळ्यात दळणाला जाताना भुकेल्या कबुतरांपुढे पोत्यातलं धान्य ओततो, सोबतचे हसतात, आणि गिरणीत पोतं भरलेलंच निघतं.

या कथा आहेत, साक्षी-पुराव्याचा इतिहास नाही, हे मोकळेपणानं मानावं. पण त्यांत जे जपलं गेलं ते खरं महत्त्वाचं: एक मजूर, जो देवासाठी वेळ काढायचा आणि ज्याच्या ताटातलं भुकेल्याला मिळायचं. १२ मार्च १६२२ रोजी रोममध्ये त्याला संत घोषित केलं, तेव्हा त्याच दिवशी इग्नाती लोयोला, फ्रान्सिस झेवियर, अविलाची तेरेजा आणि फिलिप नेरी हेही संत घोषित झाले. एवढ्या विद्वानांच्या आणि मिशनऱ्यांच्या रांगेत एक नांगऱ्या. त्याचा सण १५ मे. आपल्याकडे त्या दिवसांत उन्हाळवाही उरकत आलेली असते, बियाण्याच्या पैशाची जुळवाजुळव चाललेली असते आणि मृगाकडे डोळे लागलेले असतात. संत निवडायला यापेक्षा जवळचं निमित्त कोणतं?

दुसरा देवसहायम. जो माणूस मोठेपणी, समजून-उमजून ख्रिस्ताकडे येतो, त्यानं याचं चरित्र वाचलंच पाहिजे. कन्याकुमारीजवळच्या नट्टालम गावी १७१२ साली एका प्रतिष्ठित हिंदू घरात जन्म, त्रावणकोरचा राजा मार्तंड वर्मा याच्या दरबारी नोकरी, लग्न झालेलं. घरात ढोरं मरू लागली, पीक बुडालं, एकामागून एक नुकसान. तेव्हा १७४१ च्या कोळचेलच्या लढाईत पकडला गेलेला आणि पुढे राजाच्याच सैन्याला शिकवणारा डच अधिकारी द लॅनॉय याच्याशी त्याचं बोलणं झालं. लॅनॉयनं त्याला बायबलमधला ईयोब सांगितला: सगळं गमावूनही देवाला न सोडणारा माणूस. मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. नापिकीनं खचलेल्या माणसाला त्यानं चमत्काराचं आमिष दाखवलं नाही, दुःखातून गेलेल्या माणसाची गोष्ट सांगितली.

१७४५ साली देवसहायमचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर तो जातीची उतरंड न मानता सगळ्यांशी बरोबरीनं वागू लागला, आणि ते अनेकांना खुपलं. त्याला पकडून, म्हशीवर बसवून गावोगाव फिरवलं, छळलं, आणि १४ जानेवारी १७५२ ला आरलवायमोळीच्या डोंगरात गोळ्या घातल्या. १५ मे २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्याला संत घोषित केलं. संत झालेला तो पहिला भारतीय प्रापंचिक. ज्याच्या घरचे, भाऊबंद, गावकरी त्याच्या शोधाकडे संशयानं पाहतात, त्याला देवसहायमपाशी आधार सापडेल. घरच्यांशी भांडण करावं असा मात्र त्याचा अर्थ नाही.

बायांसाठी मोनिकाचं नाव नेहमी पुढे केलं जातं. चौथ्या शतकातली उत्तर आफ्रिकेतली बाई. नवरा तापट आणि बाहेरख्याली, मुलगा ऑगस्टिन हुशार पण भरकटलेला. लहानपणी तिला स्वतःलाही कोठारातला द्राक्षारस चोरून प्यायची सवय लागली होती, हे तिच्या मुलानंच लिहून ठेवलं आहे. तिनं वर्षानुवर्षं प्रार्थना केली. नवरा मरणाआधी ख्रिस्ती झाला, मुलाला ३८७ च्या ईस्टरला मिलानमध्ये बिशप अँब्रोस यांनी बाप्तिस्मा दिला, आणि त्याच वर्षी ती वारली. तिचा सण २७ ऑगस्ट. दारूपायी घर पोखरलेल्या बाईला ती जवळची वाटते, ते बरोबरच आहे. पण मोनिकाचं नाव घेऊन कोणी तुम्हाला "मार खा, सोस, देव बघेल" असं सांगत असेल, तर ऐकू नका. जोडीदारापासून जीवाला किंवा मनाला गंभीर धोका असेल तर वेगळं राहण्याची मुभा चर्चच्या कायद्यातच आहे. मोनिकेकडून चिकाटी घ्या, मार सोसणं घेऊ नका.

आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात घडलेलं एक आयुष्यही सांगायला हवं. रानी मारिया ही केरळची सिस्टर, देवास जिल्ह्यात उदयनगरकडे भूमिहीन आदिवासींसोबत काम करायची. सावकारीतून लोक सुटावेत म्हणून झटली, आणि २५ फेब्रुवारी १९९५ ला तिला बसप्रवासात भोसकून मारलं. तिची सख्खी बहीण, तीही सिस्टर, तुरुंगात गेली आणि मारेकऱ्याला राखी बांधून आली. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदूरमध्ये रानी मारियाला धन्यवादित घोषित केलं. ही संतपदाच्या आधीची पायरी. मनातल्या मनात तिची मध्यस्थी मागायला काहीच हरकत नाही. सावकाराच्या दारात उभं राहावं लागलेल्या माणसाला या आयुष्याचं वजन सांगावं लागत नाही.

इतरही आहेत. वसईत जन्मलेले आणि १५९७ साली जपानच्या नागासाकीत क्रुसावर मारले गेलेले गोन्सालो गार्सिया तर महाराष्ट्राच्याच मातीतले. दीर्घ आजारात दिवस काढणाऱ्यांसाठी अल्फोन्सा, २००८ मध्ये संत घोषित झालेली पहिली भारतीय स्त्री. सुताराला आणि एकूणच कामकऱ्याला संत योसेफ, ज्यांचा कामगारांचे आश्रयदाते म्हणून १ मे हा सण पोप बारावे पायस यांनी १९५५ मध्ये सुरू केला. गुलामीतून सुटलेली सुदानची बखिता. कॉम्प्युटरवर बसणाऱ्या पोरासाठी पंधराव्या वर्षी वारलेला कार्लो अकुतिस, २०२५ मध्ये संत झालेला.

निवड कशी करायची? घाई करू नका, हे पहिलं. आधी शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधलं येशूचं चरित्र, वाचा, कारण येशूच कळला नसेल तर संत कशामुळे संत झाला तेही कळणार नाही. मग दोन-तीन चरित्रं वाचा किंवा कोणाकडून ऐका. ऐकताना स्वतःला विचारा, या माणसाचं कोणतं वागणं मला उद्या सकाळी माझ्या घरात करता येईल? इसिदोरच्या बाबतीत उत्तर सोपं आहे: कामाला निघण्याआधी थोडी प्रार्थना, आणि दारी आलेल्याला काहीतरी. उत्तरच सापडत नसेल तर तो संत कितीही मोठा असो, तुमच्यासाठी बहुधा नाही. वाढदिवसाच्या तारखेला येणारा संत, गावच्या चर्चचा संत, ज्यानं तुम्हाला पहिल्यांदा चर्चमध्ये नेलं त्याचा संत, हे सगळे सुरुवातीचे चांगले दरवाजे आहेत. चरित्रात दोष दिसला तर घाबरू नका. येशूनं पकडलं जाण्याच्या रात्री त्याचाच शिष्य पेत्र यानं त्याला तीनदा नाकारलं होतं.

एक गंभीर गोष्ट. कर्ज, नापिकी, घरचे ताण यांनी मन इतकं खचलं असेल की जगणं नको वाटतं, तर संताची प्रार्थना कराच, पण तेवढ्यावर थांबू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, घरातल्या कोणाला तरी सांगा, किंवा सरकारच्या टेलिमानस सेवेला १४४१६ वर फोन लावा. तो मोफत आहे. कोणताही संत तुम्हाला डॉक्टरपासून दूर ठेवणार नाही. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता, पौलानं त्याला तसंच म्हटलं आहे.

संत ठरला की तीन साधी कामं. रोज एकदा त्याचं नाव घेऊन "माझ्यासाठी प्रार्थना करा" म्हणा. त्याच्या सणाला जमलं तर मिस्सेला जा, नाही जमलं तर घरी शुभवर्तमान वाचा आणि कोणाला तरी जेवू घाला. आणि त्याच्या वागण्यातली एक गोष्ट धरून ठेवा. पुढे दुसरा संत जवळचा वाटला तर पहिला रागावेल अशी भीती नको. दोघांशीही ओळख ठेवता येते.

ज्या वर्षी बाप्तिस्मा घ्यायचा असेल त्या वर्षी ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा प्रायश्चित्तकाळ सुरू होण्याआधी फादरांना संताचं नाव सांगा. लॅटिन रीतीत ईस्टरच्या जागरण-उपासनेत बाप्तिस्म्याआधी संतांची नामावली गायली जाते, आणि त्या रात्री बाप्तिस्मा घेणाऱ्यांच्या संतांची नावं तिच्यात घालता येतात. विदर्भातले बरेच फादर केरळचे आहेत, आणि एकाच संताचं नाव मल्याळम, इंग्रजी आणि मराठीत वेगवेगळं उच्चारलं जातं. म्हणून कागदावर आपलं नाव, संताचं नाव आणि त्याच्या सणाची तारीख देवनागरीत स्वच्छ लिहून द्या. एकाच नावाचे अनेक संत असतात, इसिदोर नावाचेही एकाहून जास्त आहेत, त्यातला एक सेव्हिलचा विद्वान बिशप. तुम्हाला शेतकरी इसिदोर हवा असेल तर १५ मे ही तारीख लिहायला विसरू नका.